शंका-समाधान : पोपचे परदेश दौरे आणि परधर्मीयांशी संवाद

नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस पोप लिओ चौदावे आपल्या पहिल्या परदेश दौऱ्यावर तुर्कस्तान आणि लेबनॉनला गेले. इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत ते गेले, पण त्यांनी तिथे प्रार्थना केली नाही, या बातमीनंतर वाचकांची बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांची सांगड घालून त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

पोप पूर्वी रोम सोडून जात नसत असं ऐकलं आहे. मग हे दौरे सुरू कधी झाले, आणि इतकी वर्षं ते थांबले कशामुळे होते?

पोप सहावे पॉल जानेवारी 1964 मध्ये जॉर्डन आणि इस्रायलला गेले, तिथून आजच्या दौऱ्यांची परंपरा सुरू होते. विमानात बसलेले ते पहिले पोप. त्याआधीची सुमारे दीडशे वर्षं कोणताही पोप इटलीबाहेर पडला नव्हता. शेवटचे गेलेले सातवे पायस, आणि तेही आपखुशीने नव्हे. नेपोलियनच्या सैन्याने 1809 मध्ये त्यांना उचलून नेलं आणि 1814 मध्ये ते परतले.

मधल्या काळात अडथळा होता तो राजकीय. 1870 मध्ये इटलीच्या सैन्याने रोम जिंकलं आणि पोपचं राज्य संपलं. हा कब्जा मान्य नाही हे दाखवण्यासाठी पोपनी स्वतःला ‘व्हॅटिकनचे कैदी’ म्हणवून घेतलं आणि आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. 1929 मध्ये इटलीशी लॅटरन करार झाला, 44 हेक्टरचं व्हॅटिकन राष्ट्र जन्माला आलं आणि कैद कागदोपत्री संपली; सवय सुटायला मात्र आणखी तीन दशकं गेली. ऑक्टोबर 1962 मध्ये तेविसावे जॉन आगगाडीने इटलीतल्याच लोरेतो आणि असिसीला जाऊन आले, त्याचंसुद्धा लोकांना अप्रूप वाटलं होतं.

पुढचे आकडेच बोलके आहेत. सहाव्या पॉल यांचे नऊ परदेश दौरे, दुसऱ्या जॉन पॉल यांचे 104 (देश 129), सोळाव्या बेनेडिक्ट यांचे 24, फ्रान्सिस यांचे 47.

सहाव्या पॉल यांच्या नऊ दौऱ्यांतला एक मुंबईचा होता. डिसेंबर 1964 मध्ये आंतरराष्ट्रीय युखारिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक संमेलनासाठी ते आले आणि 3 डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना उद्धृत केली. या दौऱ्यावर पोर्तुगाल भलताच चिडला. भारताने गोवा ताब्यात घेऊन तीनच वर्षं झाली होती, त्यामुळे पोपनी भारतात जाणं म्हणजे आपल्या जखमेवर मीठ, असं लिस्बनच्या सरकारला वाटलं. 1967 मध्ये हेच पोप पोर्तुगालमधल्या फातिमाच्या तीर्थक्षेत्री गेले तेव्हा त्यांचं विमान राजधानीत न उतरता माँते रिआलच्या लष्करी तळावर उतरलं. तिथून थेट फातिमा, आणि त्याच दिवशी परत.

दौरा ठरतो कसा? पोपच्या मनात आलं आणि निघाले, असं होतं का?

तसं होत नाही. दोन निमंत्रणं लागतात: एक त्या देशाच्या सरकारचं, दुसरं तिथल्या कॅथलिक बिशप परिषदेचं. पोप एका राष्ट्राचे प्रमुखही आहेत आणि धर्मगुरूही, म्हणून हा दुहेरी दरवाजा. नुसत्या बिशपांनी बोलावलं तर विमानतळापासूनच अडचण, आणि नुसत्या सरकारने बोलावलं तर दौऱ्याला सरकारी समारंभाचा वास येतो. जगभरच्या बिशपांची निमंत्रणं पडून असतात ती बहुधा पहिल्या दरवाजापाशी.

दोन्हीकडून होकार आला की काम व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयातल्या दौरा-संयोजकाकडे जातं. हे पद बाहेर फारसं माहीत नाही, पण वजनदार आहे. दुसऱ्या जॉन पॉल यांच्या काळात जेझुइट संघाच्या फादर रोबेर्तो तुच्ची यांनी ते जवळजवळ वीस वर्षं सांभाळलं. 2021 पासून पोप फ्रान्सिस यांचे दौरे आखणारे जॉर्ज जेकब कूवाकाड हे केरळचे. संयोजक आधी स्वतः जाऊन प्रत्येक जागा पाहतो. पोप कुठल्या दाराने आत येणार, किती पायऱ्या चढाव्या लागणार, चाकांची खुर्ची तिथे जाते का, बोलताना शेजारी कोण बसणार, पाठीमागे भिंतीवर काय दिसणार, भेटवस्तू कुणाच्या हातून द्यायची, हे सगळं मिनिटांच्या हिशेबात लिहिलं जातं. त्या देशातला व्हॅटिकनचा राजदूत, म्हणजे नन्सिओ, स्थानिक बाजू पाहतो. खुल्या मैदानातल्या मिस्सासाठी, म्हणजे सामुदायिक उपासनेसाठी, वेदी कुठे तोंड करून उभारायची, पवित्र भाकर वाटायला किती धर्मगुरू लागतील, ते गर्दीत कुठल्या रस्त्यांनी शिरतील, ही कामं तिथल्या धर्मप्रांताची.

जाताना विमान इटलीच्या राष्ट्रीय कंपनीचं (पूर्वी अलितालिया, आता इता), येताना बऱ्याचदा यजमान देशाच्या कंपनीचं. पोप आणि त्यांचे सहकारी पुढे, मागे सत्तर-ऐंशी पत्रकार. हे पत्रकार फुकट जात नाहीत. त्यांच्या संस्था तिकिटाचे पैसे भरतात, आणि ते काही स्वस्त नसतं. विमान ज्या ज्या देशावरून जातं त्या प्रत्येक देशाच्या प्रमुखाला पोपच्या नावाने तार जाते: शुभेच्छा, जनतेसाठी प्रार्थना, एवढाच साचेबद्ध मजकूर. पण या कोरड्या तारांनाही कधी अर्थ येतो. 1989 मध्ये सोलला जाताना दुसऱ्या जॉन पॉल यांच्या विमानाला चीन टाळून वळसा घ्यावा लागला होता. ऑगस्ट 2014 मध्ये फ्रान्सिस यांच्या विमानाला चीनने आपल्या आकाशातून जाऊ दिलं आणि शी जिनपिंग यांच्या नावाने तार गेली. व्हॅटिकनचे आणि चीनचे राजनैतिक संबंध नाहीत. त्या ठिकाणी एक तार हीच बातमी होती.

खर्च कोण करतं?

सुरक्षा, रस्ते, वाहतूक हा भार यजमान सरकारवर. मंच, वेदी, खुर्च्या, स्वयंसेवक हे स्थानिक ख्रिस्तसभेकडे, म्हणजे शेवटी देणगीदारांकडे. पोपचा आणि सोबतच्या मंडळींचा प्रवासखर्च व्हॅटिकनचा. निधर्मी देशांत पहिल्या भागावरून दर वेळी वाद होतो, आणि करदात्याने तो प्रश्न विचारणं गैर नाही.

मशिदीत गेल्यावर पोप प्रार्थना करतात की नाही? बेनेडिक्ट यांनी केली, लिओ यांनी नाही केली, असं वाचून गोंधळ झाला.

गोंधळ व्हावा असाच हा विषय आहे, कारण इथे एकेका हालचालीचा अर्थ लावला जातो.

मशिदीत गेलेले पहिले पोप म्हणजे दुसरे जॉन पॉल. 6 मे 2001 रोजी ते दमास्कसच्या उमय्यद मशिदीत गेले. ती जागा विचारपूर्वक निवडलेली होती. तिथे पूर्वी चर्च होतं आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची मानली जाणारी समाधी आजही मशिदीच्या आतच आहे. मुसलमानही त्याला पैगंबर मानतात. म्हणजे पोपना आत जायला त्यांच्या स्वतःच्या परंपरेतलं कारण होतं आणि यजमानांनाही त्यात कमीपणा नव्हता. अशी जागा सापडली की निम्मं काम झालं म्हणायचं.

30 नोव्हेंबर 2006 ला सोळावे बेनेडिक्ट निळ्या मशिदीत गेले. ही भेट कार्यक्रमात उशिरा घातली गेली होती. बूट काढून ते आत गेले. इस्तंबूलचे मुफ्ती मुस्तफा चारिजी त्यांना मिहराबसमोर, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासमोर, घेऊन आले आणि आपण आता प्रार्थना करतो असं म्हणाले. पोप शेजारी उभे राहिले, हात पोटाशी, डोळे मिटलेले, ओठ किंचित हलत होते. क्रुसाची खूण केली नाही, गुडघे टेकले नाहीत, मोठ्याने एक शब्द नाही. व्हॅटिकनच्या प्रवक्त्याने त्याला ‘मनन’ म्हटलं. शब्दांची ही निवड फालतू नाही. प्रार्थना म्हटलं की कुठली, कुणाला, कुणासोबत हे प्रश्न लागोलाग येतात. मनन किंवा मौन म्हटलं की ज्याचं त्याच्यापाशी राहतं. 2014 मध्ये फ्रान्सिस यांनी त्याच जागी असंच मौन पाळलं.

29 नोव्हेंबर 2025 ला लिओ आले, त्यांनीही पादत्राणं काढली, मशीद बारकाईने पाहिली. थोडी प्रार्थना करायची का असं त्यांना सुचवलं गेलं, ते नम्रपणे नको म्हणाले. घोटाळा झाला तो व्हॅटिकनच्याच पत्रकाने. प्रत्यक्षात न घडलेल्या गोष्टी घडल्या असं आधी त्यात छापून आलं आणि नंतर ते दुरुस्त करावं लागलं. पत्रकं कार्यक्रमावरून आधी तयार करून ठेवली की असं होतं. यावरून नवे पोप इस्लामबाबत कडक आहेत असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी थोडं थांबावं. न पटणारी गोष्ट केल्यासारखी दाखवण्यापेक्षा आदराने नुसतं पाहून येणं हाही शिष्टाचारच आहे, आणि आमच्या मते तो जास्त सरळ आहे.

याच शहरातली जुनी चूकही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुलै 1967 मध्ये सहावे पॉल हागिया सोफियात गेले आणि तिथे त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. ती वास्तू आधी चर्च, मग मशीद आणि त्या वेळी सरकारी संग्रहालय होती. संग्रहालयात प्रार्थना करून पोप जुना हक्क सांगतात असा अर्थ तुर्कस्तानात लावला गेला आणि निदर्शनं झाली. बेनेडिक्ट तिथे गेले तेव्हा एखाद्या पाहुण्यासारखे नुसते फिरले. 2020 मध्ये तिची पुन्हा मशीद झाली, आणि लिओ यांच्या कार्यक्रमात ती नव्हतीच.

1986 मध्ये असिसीला सगळ्या धर्मांनी एकत्र प्रार्थना केली, तो सर्वधर्मसमभावाचा मोठा क्षण होता ना? मग चर्चमधलेच काही लोक त्यावर अजून का चिडलेले आहेत?

एकत्र प्रार्थना झाली नव्हती. अवघड गाठ तिथेच आहे.

27 ऑक्टोबर 1986 ला दुसऱ्या जॉन पॉल यांनी जगातल्या प्रमुख धर्मांच्या प्रतिनिधींना असिसीला बोलावलं. सूत्र होतं: प्रार्थना करायला एकत्र येणं, एकत्र प्रार्थना करणं नव्हे. वाचताना हा शब्दच्छल वाटतो, पण दिवसाचा सगळा आराखडा त्यावर उभा होता. सकाळी सगळे सपाटीवरच्या सांता मारिया देल्ली आंजेली या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, जमले. मग प्रत्येक धर्माचे लोक गावातल्या ठरवून दिलेल्या वेगवेगळ्या जागी गेले आणि आपापल्या पद्धतीने प्रार्थना केली. दिवसभर उपास. दुपारनंतर सगळे संत फ्रान्सिस यांच्या बॅसिलिकासमोरच्या चौकात आले. तिथे एकेका धर्माने पाळीपाळीने प्रार्थना म्हटली, बाकीचे ऐकत उभे राहिले. दलाई लामा होते. अमेरिकेतल्या क्रो जमातीच्या प्रतिनिधीने शांतीची चिलीम पेटवली. त्या एका दिवसापुरती तरी जगभरच्या लढाया थांबवाव्यात असं आवाहन आधीच केलेलं होतं.

बिनसलं ते जागांच्या वाटपात. काही गटांना गावातली चर्चच दिली होती. सान पिएत्रो चर्चमध्ये बौद्धांनी वेदीवर बुद्धमूर्ती ठेवली, आणि तीही पवित्र भाकर ठेवतात त्या पेटीवर. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे त्या पेटीत ख्रिस्त साक्षात असतो. त्यामुळे ज्यांना आधीच हा खटाटोप पसंत नव्हता त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. बौद्ध भिक्खूंचा यात दोष नाही. मूर्ती उंच जागी ठेवायची, आणि खोलीत सगळ्यात उंच जागा तीच होती. दोष आखणी करणाऱ्यांचा. फ्रान्सचे आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी असिसीवर कडाडून टीका केली आणि 1988 मध्ये पोपच्या परवानगीशिवाय चार बिशप नेमून ते बहिष्कृत झाले. त्यांची जुनी भांडणं वेगळी होती, पण असिसीने ठिणगी टाकली.

या मंडळींचा संशय किती दूर जातो याचा एक नमुना सांगतो. फेब्रुवारी 1986 च्या भारत दौऱ्यात एका बाईने पोपना ओवाळून कपाळाला टिळा लावला. त्याचं छायाचित्र युरोपात ‘पोपनी हिंदू दीक्षा घेतली’ म्हणून फिरलं. ओवाळणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हसू येईल. तिकडे ते अजून फिरतं आहे.

व्हॅटिकनने मात्र धडा घेतला. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, जानेवारी 2002 मध्ये, असिसीला पुन्हा सभा झाली तेव्हा प्रार्थनेसाठी चर्च न देता फ्रान्सिस्कन मठातल्या वेगवेगळ्या खोल्या दिल्या. 2011 मध्ये बेनेडिक्ट यांनी सगळ्यांसमोर आळीपाळीने प्रार्थना म्हणणंही काढून टाकलं. ज्याने त्याने आपल्या खोलीत मौन पाळायचं. शिवाय त्यांनी देव न मानणाऱ्या काही विचारवंतांनाही बोलावलं, त्यांत ज्युलिया क्रिस्तेवा होत्या. कार्डिनल असताना 1986 च्या सभेला हेच बेनेडिक्ट गेले नव्हते, हे लक्षात घेतलं तर या बदलाचं आश्चर्य वाटत नाही.

एकीकडे संवाद, दुसरीकडे धर्मांतर. दोन्ही एकाच तोंडाने कसं चालतं? हिंदू धर्माबद्दल चर्चचं अधिकृत म्हणणं नक्की काय आहे?

पत्रांत हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला, त्यामुळे गुळमुळीत उत्तर देत नाही.

आधार आहे ‘नोस्त्रा एताते’ हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या महासभेचं, घोषणापत्र. 28 ऑक्टोबर 1965 ला ते 2,221 विरुद्ध 88 मतांनी मंजूर झालं. जेमतेम पाच परिच्छेद. दुसऱ्या परिच्छेदात हिंदू धर्माबद्दल दोन वाक्यं आहेत. हिंदू लोक कथा-पुराणांच्या अपार भांडारातून आणि तत्त्वचिंतनातून ईश्वरी गूढाचा विचार करतात. तपश्चर्या, ध्यान किंवा प्रेमाने आणि भरवशाने देवाला शरण जाणं, या मार्गांनी दुःखातून सुटका शोधतात. ज्ञान, योग, भक्ती यांची ही बरी ओळख आहे, हे मान्य करायला हवं. पुढे म्हटलं आहे की या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. आणि थोडं पुढे: पण ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन, हे चर्चने सांगत राहिलंच पाहिजे.

म्हणजे ओढाताण आहे ती मूळ मजकुरातच. वाचणारे आपापल्या सोयीचं एक वाक्य उचलतात. 1991 मध्ये व्हॅटिकनने ‘संवाद आणि उद्घोषणा’ नावाचं आणखी एक पत्रक काढून दोन्ही कामं वेगळी आहेत, एकाच्या नावाखाली दुसरं करायचं नाही, असं स्पष्ट केलं. त्यात संवादाचे चार प्रकार आहेत: शेजारधर्माचा, एकत्र कामाचा, विद्वानांच्या चर्चेचा आणि आध्यात्मिक अनुभवाच्या देवाणघेवाणीचा. आमच्या मते यांतले पहिले दोनच सर्वांत टिकाऊ आहेत. पोपच्या दौऱ्यात मात्र कॅमेऱ्यात येतो तो तिसरा आणि चौथा.

नोव्हेंबर 1999 मध्ये दिल्लीत ही ओढाताण उघडी पडली. 6 तारखेला दुसऱ्या जॉन पॉल यांनी ‘एक्लेसिया इन एशिया’ हा दस्तऐवज जाहीर केला. पहिल्या सहस्रकात युरोप, दुसऱ्यात अमेरिका आणि आफ्रिका, तर तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचं मोठं पीक येईल, अशी त्यात आशा व्यक्त केलेली आहे. 7 तारखेला, ऐन दिवाळीत, विज्ञान भवनात सर्वधर्मीय सभा झाली. पोपनी तिथे दिवा लावला आणि श्रद्धा बदलण्याचं स्वातंत्र्य हा माणसाचा हक्क असल्याचंही सांगितलं. हिंदुत्ववादी संघटनांचा विरोध आधीपासून होताच. ‘पीक’ या शब्दाने तो धारदार झाला. बायबलमध्ये पीक, कापणी हे नेहमीचे शब्द आहेत, ख्रिस्ती कानाला ते खटकत नाहीत. ज्याला आपणच ते पीक असल्यासारखं वाटतं, त्याला खटकणारच. स्वतःच्या लोकांसाठीचा दस्तऐवज परक्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी, त्यांच्या राजधानीत जाहीर करायचा का, हा साधा प्रश्न कुणी विचारायला हवा होता.

श्रीलंकेतही असंच घडलं. जानेवारी 1995 मध्ये कोलंबोला दुसरे जॉन पॉल आले तेव्हा बौद्ध भिक्खूंनी त्यांच्यासोबतच्या बैठकीवर बहिष्कार टाकला. कारण, पोपच्या आदल्या वर्षीच्या पुस्तकात बौद्ध विचाराला नकारात्मक ठरवणारा मजकूर होता. वीस वर्षांनी, जानेवारी 2015 मध्ये, फ्रान्सिस कोलंबोला गेले तेव्हा सर्वधर्मीय सभेत हिंदू पुरोहितांनी त्यांच्या खांद्यावर भगवी शाल घातली आणि त्यांनी ती अंगावर ठेवली. कार्यक्रमात नसताना ते एका बौद्ध विहारातही जाऊन आले.

रेगेन्सबुर्गच्या भाषणावरून एवढं का पेटलं? पोप तर प्राध्यापक होते.

प्राध्यापक होते, हीच तर अडचण. 12 सप्टेंबर 2006 ला बेनेडिक्ट जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग या आपल्या जुन्या विद्यापीठात श्रद्धा आणि बुद्धी यांवर बोलले. ओघात त्यांनी बायझंटाइन सम्राट दुसरा मान्युएल याचं, महंमद पैगंबरांवर जहरी टीका करणारं, चौदाव्या शतकाच्या अखेरचं वाक्य उद्धृत केलं. वर्गात असं चालतं: अवतरण द्यायचं, मग त्याचा समाचार घ्यायचा. पोपच्या तोंडून मात्र अवतरण सुटं होऊन जगभर जातं आणि समाचार मागे राहतो. त्यातही हे मत आपलं नाही हे भाषणात पुरेसं स्पष्ट नव्हतं. ते पुढे छापील आवृत्तीच्या तळटीपेत घालावं लागलं.

याची एक बाजू कमी बोलली जाते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला व्हॅटिकनच्या आंतरधर्मीय संवाद परिषदेचे प्रमुख, इस्लामचे जाणकार आर्चबिशप मायकल फिट्झजेरल्ड यांना कैरोला राजदूत म्हणून पाठवलं गेलं आणि परिषद संस्कृती विभागाच्या प्रमुखांच्या हाताखाली आली. ज्याने मसुदा वाचून लाल रेघ मारली असती तो माणूसच रोममध्ये नव्हता. 2007 मध्ये परिषदेला पुन्हा स्वतंत्र प्रमुख मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात 138 मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुलं पत्र लिहिलं, देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम हा आपल्यातला समान धागा आहे असं सांगणारं, आणि 2008 मध्ये रोममध्ये कॅथलिक-मुस्लिम चर्चापीठाची पहिली बैठक झाली.

ज्यू धर्माशी नातं सुधारलं म्हणतात. त्यात भाषणांपलीकडे काय आहे?

दोन दौरे शेजारी ठेवून पाहा. जानेवारी 1964 मध्ये सहावे पॉल इस्रायलच्या हद्दीत अकराएक तास होते. तेवढ्या वेळात त्यांनी त्या देशाचं नाव एकदाही घेतलं नाही, आणि निघाल्यावर राष्ट्राध्यक्षांना पाठवलेल्या आभाराच्या तारेवर जेरुसलेमऐवजी तेल अवीवचा पत्ता होता. मार्च 2000 मध्ये दुसरे जॉन पॉल गेले ते अधिकृत पाहुणे म्हणून. मधल्या काळात, 1993 च्या अखेरीस, दोन्ही बाजूंत मूलभूत करार झाला होता. याद वाशेम स्मारकात ते नाझींच्या ज्यू-संहारातून वाचलेल्या लोकांना भेटले, आणि 26 मार्चला ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीपाशी एकटे चालत जाऊन क्षमा मागणारी चिठ्ठी दगडांच्या फटीत ठेवली. त्याआधी 13 एप्रिल 1986 ला ते रोमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गेले होते. व्हॅटिकनपासून ते अंतर थोडकं, पण आधीचा कोणताही पोप ते चालून गेला नव्हता.

अबुधाबीचा करार आणि नजफची भेट, यांतलं महत्त्वाचं कुठलं?

कागद पाहिला तर अबुधाबी. 4 फेब्रुवारी 2019 ला फ्रान्सिस आणि कैरोच्या अल-अझहर या सुन्नी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सही केली. देवाच्या नावाने हिंसा नाही, अल्पसंख्याक म्हणून नव्हे तर नागरिक म्हणून हक्क, अशी स्पष्ट कलमं त्यात आहेत. एका वाक्यावरून कॅथलिकांतच वाद झाला. माणसांचे रंग, लिंग, भाषा यांच्यासोबत धर्मांची विविधताही देवाच्या इच्छेने आहे, असं ते वाक्य. बिशप अथानासियस श्नायडर यांनी समोरासमोर विचारल्यावर पोपनी खुलासा केला की देव ती चालू देतो, या अर्थाने ते घ्यावं. लिहिताना एक शब्द जास्त घातला असता तर हे टळलं असतं. दस्तऐवज कायदा नाही, कुणावर बंधनकारकही नाही. त्याची सही झाली तो दिवस संयुक्त राष्ट्रांनी बंधुत्व दिन म्हणून स्वीकारला.

इराकमधल्या नजफमध्ये कागदच नव्हता. 6 मार्च 2021 ला फ्रान्सिस इमाम अलींच्या दर्ग्याजवळच्या एका अरुंद गल्लीत मोटारीतून उतरले आणि शियांचे सर्वोच्च धर्मगुरू अली अल-सिस्तानी यांच्या साध्या भाड्याच्या घरात गेले. खोलीत शिरण्यापूर्वी बूट काढले. सिस्तानी पाहुण्यासाठी सहसा उठत नाहीत. त्या दिवशी नव्वदीतले ते गृहस्थ उभे राहिले. सुमारे पाऊण तास बोलणं झालं. संयुक्त पत्रक नाही, सही नाही. सिस्तानींच्या कार्यालयाने एवढंच कळवलं की इराकच्या ख्रिस्ती नागरिकांना इतरांसारखंच सुरक्षितपणे आणि पूर्ण हक्कांनिशी जगता यावं. इराकात सिस्तानींच्या शब्दाला जे वजन आहे ते पाहता, तिथल्या ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने आम्ही नजफला झुकतं माप देऊ.

पोप काही देशांत ठरावीक शब्द टाळतात, ते भित्रेपणाचं नाही का?

नोव्हेंबर 2017 चं उदाहरण घ्या. म्यानमारमध्ये फ्रान्सिस यांनी ‘रोहिंग्या’ हा शब्द उच्चारला नाही, कारण तिथले कार्डिनल चार्ल्स बो यांनी तशी विनंती केली होती. पोप निघून जातात, मागे राहतात ते तिथले मूठभर ख्रिस्ती, आणि राग त्यांच्यावर निघतो. 1 डिसेंबरला ढाक्यात निर्वासितांना भेटल्यावर मात्र ते म्हणाले की आज देवाच्या अस्तित्वाचं नाव रोहिंग्या असंही आहे. मानवाधिकारवाल्यांना हा उशीर वाटला आणि त्यांचं म्हणणं चूक म्हणता येत नाही. पण त्या निर्णयाची किंमत कोण मोजणार होतं, हेही मोजायला हवं.

व्हॅटिकनकडून दिवाळीच्या शुभेच्छा येतात त्या पोप स्वतः लिहितात का? आणि पोप भारतात पुन्हा कधी येणार?

शुभेच्छा आंतरधर्मीय संवाद विभाग दर वर्षी काढतो. 1964 मध्ये सहाव्या पॉल यांनी स्थापन केलेलं सचिवालय ते हेच. 1988 मध्ये ते परिषद झालं आणि 2022 मध्ये विभाग. रमजान आणि वैशाख पौर्णिमेलाही तिथूनच संदेश जातात. जानेवारी 2025 पासून विभागाचे प्रमुख आहेत कार्डिनल कूवाकाड, म्हणजे वर दौऱ्यांच्या आखणीत ज्यांचा उल्लेख आला तेच.

भारतात 1999 नंतर पोप आलेले नाहीत. बिशपांचं निमंत्रण जुनंच आहे. पंतप्रधान मोदी यांनी 30 ऑक्टोबर 2021 च्या भेटीत फ्रान्सिस यांना निमंत्रण दिलं आणि जून 2024 मध्ये इटलीत पुन्हा दिलं. पण दौऱ्याची तारीख काही ठरली नाही आणि 21 एप्रिल 2025 ला फ्रान्सिस वारले. ही दोन्ही निमंत्रणं फ्रान्सिस यांना दिलेली होती.